बरगड्यांखालचा उघडा प्रदेश

मेंदूभोवती कवटी आहे. हृदय आणि फुप्फुसं बरगड्यांच्या पिंजऱ्यात आहेत. पोटाला मात्र समोरून एकही हाड नाही. पाठीमागे कमरेचे पाच मणके, वर श्वासपटलाचा घुमट, खाली कटीची हाडं, आणि पुढच्या सगळ्या बाजूला स्नायू, चरबी नि कातडी, एवढंच. यकृत आणि प्लीहा यांचा बराचसा भाग बरगड्यांच्या आडोशाला जातो, मूत्रपिंडं पाठीच्या स्नायूंना टेकून असतात, पण आतड्यांची वेटोळी उघड्यावरच म्हणायची. बैलाचं शिंग लागलं, पडताना सायकलचं हँडल रुतलं, तर मार सरळ आत पोचतो.

शरीराने हा धोका पत्करला त्याचं कारण पोटाच्या कामातच आहे. पोटाला सारखा आकार बदलावा लागतो. प्रत्येक श्वासाला श्वासपटल खाली उतरतं, आतल्या अवयवांना सरकायला जागा लागते, आणि पुढची भिंत सैल होऊन ती जागा देते. जेवताना जठर लिटर-दीड लिटरपर्यंत ताणलं जातं. गरोदरपणात विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत येतं आणि नवव्या महिन्यात बरगड्यांना भिडतं. हाडांच्या पिंजऱ्यात यातलं काहीच जमलं नसतं.

पुस्तकभर मी एकाच गोष्टीचा माग काढला आहे. पोट हा शरीराचा सर्वांत उघडा भाग आहे, आणि हा उघडेपणा पुढच्या भिंतीपुरता नाही. अन्न, पाणी, जंतू, गावातल्या विहिरीची अवस्था, गरोदरपणी आईच्या वाट्याला आलेले कष्ट, हे सगळं माणसाच्या शरीरात उतरतं ते बहुतांशी पोटाच्या वाटेने. म्हणून पोटाचा अभ्यास एकट्या माणसापाशी थांबत नाही.

आधी भिंतीबद्दल, कारण तिला फारसं कोणी मोजत नाही. दोन्ही बाजूंना स्नायूंचे तीन-तीन थर एकावर एक असतात, प्रत्येकाच्या तंतूंची दिशा वेगळी. मध्यरेषेच्या दोन अंगांना दोन उभे पट्टे. खोकणं, शिंकणं, हसणं, ओकणं, शौचाला कुंथणं, बाळंतपणात जोर करणं, या सगळ्यांत हीच भिंत राबते. श्वास धरून ती आवळली की पोटातला दाब वाढतो आणि कण्याला पुढून आधार मिळतो. बाजार समितीतला हमाल पोतं उचलण्याआधी श्वास रोखतो तो त्यासाठीच. भिंत जिथे जन्मतः किंवा वयाने कच्ची असते, म्हणजे जांघेत किंवा बेंबीपाशी, तिथून तोच दाब आतड्याला बाहेर ढकलतो आणि अंतर्गळ होतो.

तान्ह्या बाळाच्या बरगड्या बऱ्याचशा आडव्या असतात. त्यामुळे त्याचा श्वास मुख्यतः श्वासपटलावर चालतो आणि पोट वर-खाली होताना दिसतं. हे स्वाभाविक आहे. पण श्वास जलद झाला, छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला आणि घरातली माणसं ‘बाळाचं पोट उडतंय’ म्हणू लागली, तर दुखणं पोटात नसतं. ते फुप्फुसात असतं, आणि बहुधा तो न्यूमोनिया असतो. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची डंबा नावाची प्रथा आहे. तिच्यामुळे जळलेली बाळं आजही रुग्णालयात येतात. निव्वळ अज्ञान म्हणून हा विषय मला सोडून देता येत नाही. दवाखाना लांब, पावसात रस्ता बंद, बाळ डोळ्यांदेखत धापा टाकतंय, आणि आईला समोर दिसतंय ते फक्त त्याचं फुगलेलं पोट. तिच्यापर्यंत वेळेवर औषध पोचलं नाही, ही गोष्ट चटक्यांइतकीच मोठ्याने बोलली गेली पाहिजे.

पोटातल्या अवयवांची मांडणी कशी ठरते, हे या शास्त्रातलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं प्रकरण. गर्भाच्या सहाव्या आठवड्यात आतडं इतक्या वेगाने लांबतं, आणि यकृत तेव्हा इतकं मोठं असतं, की पोटात जागाच उरत नाही. मग आतड्याचं वेटोळं चक्क नाळेत शिरतं, तिथेच वाढतं, आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परततं. या जाण्यायेण्यात ते एकूण 270 अंशांतून वळतं. मोठं आतडं उजवीकडून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली जातं आणि अपेंडिक्स उजव्या कुशीत खाली येतं, ते या वळणामुळे. क्वचित हे वळण अपुरं राहतं. अशा बाळाच्या आतड्याला जन्मानंतर पीळ पडू शकतो, त्याला हिरवी उलटी होते, आणि रक्तपुरवठा तुटून काही तासांत आतडं निकामी होऊ शकतं. नवजात बाळाची हिरवी उलटी कधीही ‘सकाळी बघू’ म्हणून ठेवायची नसते.

बाकी अवयवांची ओळख पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे इतकंच सांगतो की पोट म्हणजे केवळ पचनाचं ठिकाण नव्हे. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळून त्यातला जेमतेम दीड लिटर बाहेर टाकतात. दीड किलोच्या आसपास वजनाचं यकृत आतड्यांकडून आलेलं जवळजवळ सगळं रक्त आधी स्वतःकडे घेतं, तपासतं, साठवतं, आणि मगच पुढे सोडतं. स्वादुपिंड एका बाजूने पाचकरस आतड्यात सोडतं आणि दुसऱ्या बाजूने इन्शुलिन रक्तात.

आतड्यापाशी मात्र थांबावं लागेल. घास गिळला की तो आपल्या शरीरात गेला, असं आपण धरून चालतो. खरं तर तोंडापासून गुदद्वारापर्यंतची पोकळी दोन्ही टोकांना बाहेरच्या जगाकडे उघडते. त्या पोकळीतलं अन्न अजून बाहेरच आहे. एका पेशीच्या जाडीचं अस्तर ओलांडलं की ते आपलं होतं. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब. त्याच्या घड्या, घड्यांवरचे मिलिमीटरभर उंचीचे उंचवटे आणि त्या उंचवट्यांवरच्या पेशींची सूक्ष्म लव यांमुळे अस्तराचं क्षेत्रफळ अफाट वाढतं. जुनी पाठ्यपुस्तकं ते टेनिस कोर्टाएवढं सांगत आली. 2014 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं, तेव्हा संपूर्ण अन्नमार्गाचं अस्तर सुमारे 32 चौरस मीटर भरलं. आकडा लहान झाला म्हणून महत्त्व कमी होत नाही. आपली कातडी जेमतेम दोन चौरस मीटर असते. बाहेरच्या जगाला आपण कातडीने जेवढे भिडतो त्याच्या अनेक पटींनी आतड्याने भिडतो, आणि हे अस्तर शरीर तीन ते पाच दिवसांत नवं करतं.

या पोकळीत दिवसाला सुमारे नऊ लिटर द्रव येतो. दोन लिटर आपण खातो-पितो त्यातून, उरलेले सात लिटर लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. यातला शे-दोनशे मिलिलिटर सोडला तर सगळा परत शोषला जातो. हा हिशेब लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

आता दुखण्याविषयी. पोटदुखीइतकं फसवं लक्षण वैद्यकात थोडंच असेल. आतडं कापलं तरी त्याला दुखत नाही. ताणलं, पिळलं, त्याचं रक्त तुटलं की मात्र असह्य कळ येते. ही कळ वाहून नेणाऱ्या चेता जागा अंदाजानेच सांगतात. अपेंडिक्सला सूज आली की पहिले काही तास माणूस बेंबीभोवती हात फिरवत राहतो, कारण अपेंडिक्सच्या चेता मज्जारज्जूच्या ज्या पातळीला पोचतात तिथेच बेंबीजवळच्या कातडीच्या चेताही पोचतात. मळमळ होते, भूक मरते. मग सूज पोटाच्या आतल्या आवरणाला भिडते आणि दुखणं उजवीकडे खाली सरकतं, आता बोट ठेवून दाखवता येतं. पित्ताशयाची कळ उजव्या फऱ्याखाली जाते. श्वासपटलाखाली रक्त साचलं तर खांद्याचं टोक दुखतं, कारण श्वासपटलाची चेता मानेतून निघते.

उलट दिशेनेही फसगत होते. हृदयाचा झटका कित्येकदा पोटाच्या वरच्या भागात जळजळ म्हणून येतो. आपल्याकडे घरोघरी त्याला ‘पित्त झालं’ किंवा ‘गॅस धरला’ म्हणतात, ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो, आणि जे दोन-तीन तास मोलाचे होते ते निघून जातात. जळजळीबरोबर घाम फुटला, धाप लागली, हात किंवा जबडा भरून आला, तर ते पित्त धरून बसू नये. मधुमेह असलेल्या आणि वयस्क माणसांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

झॅकरी कोप या ब्रिटिश शल्यविशारदाने 1921 मध्ये अचानक उद्भवणाऱ्या पोटदुखीच्या निदानावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हातात असतं. एरवी बऱ्या असलेल्या माणसाला जोराची पोटदुखी सुरू झाली आणि सहा तास टिकली, तर बहुतेक वेळा ती शस्त्रक्रियेच्या कक्षेतली असते, असं त्याचं सांगणं. शंभर वर्षांनंतरही हे सूत्र उपयोगी पडतं. आणि तपासण्याची जुनी रीतही. रोग्याला उताणं झोपवून गुडघे दुमडायला लावायचे, आपला हात ऊबदार करून घ्यायचा, दुखत्या जागेपासून लांब सुरुवात करायची आणि नजर पोटावर न ठेवता रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवायची. मग स्टेथोस्कोप लावून आतड्यांचे आवाज ऐकायचे. ते आवाज पूर्ण थांबले असतील तर काळजी वाढते. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनने असंख्य जीव वाचवले आहेत, त्याबद्दल मनात किंतु नाही. पण पोटावर हात न ठेवताच चिठ्ठी लिहिली जाते, तेव्हा रोग्याचं म्हणणं अर्धं ऐकलेलं असतं असं मला वाटतं.

पोट उघडण्याची भीती माणसाला फार काळ होती, आणि ती सार्थ होती. सुश्रुतसंहितेत फाटलेलं आतडं मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चाववून जोडण्याची कृती आहे. मुंगीने कडा धरल्या की धड तोडून डोकं तसंच ठेवायचं. म्हणजे त्या काळी कोणीतरी उघड्या पोटात हात घालण्याचं धाडस करत होतं. डिसेंबर 1809 मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एफ्राइम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या अंडाशयाची सुमारे दहा किलोंची गाठ काढली. भूल देण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं. शुद्धीत राहून ते सोसलेल्या क्रॉफर्डबाई पुढे तीस वर्षांहून जास्त जगल्या. डॉक्टरचं नाव इतिहासात आलं ते योग्यच आहे, पण धैर्याचा मोठा वाटा त्या बाईंचा होता.

असाच एक रोगी पचनाच्या साऱ्या शास्त्राला पुरून उरला. 6 जून 1822 रोजी मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुण कॅनडियन कामगाराला जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम पुरती बुजली नाही. जठरात उघडणारं एक भोक कायमचं राहिलं. त्यातून बोमाँट यांनी रेशमाच्या दोऱ्याला बांधून मांसाचे, भाकरीचे, भाजीचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले, जठररस बाटलीत काढून अन्न त्यात भिजवलं. पचन ही रासायनिक क्रिया आहे, जठराबाहेरही ती घडते, आणि माणूस संतापला की पचन बिघडतं, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. 1833 मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्यातली निरीक्षणं आजही मान्य आहेत.

सेंट मार्टिनच्या बाजूने ही कथा क्वचितच सांगितली जाते. तो गरीब होता, लिहिणं-वाचणं त्याला येत नव्हतं. बोमाँट यांच्याकडे तो घरगडी म्हणून राबायचा, लाकडं फोडायचा, आणि त्याच शरीरावर प्रयोगही व्हायचे. त्यासाठी करार केला होता, पण करार करणाऱ्या दोघांची ताकद सारखी नव्हती. तो अधूनमधून कॅनडात निघून जायचा, पैशांची निकड त्याला परत आणायची. 1880 मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांनी त्याचं जठर मागितलं. घरच्यांनी प्रेत कुजेपर्यंत घरात ठेवलं आणि मग खोल पुरलं, म्हणजे कोणाला उकरून चिरफाड करता येऊ नये. जठराविषयी आपल्याला जे कळलं त्याचा मोबदला कोणी दिला, हे या पुस्तकातून वगळायची माझी तयारी नव्हती.

दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांनी पोट उघडण्याची भीती आता पुष्कळ कमी केली आहे. भारतात पित्ताशय दुर्बिणीने काढण्याची पहिली शस्त्रक्रिया 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी केली. ती सरकारी रुग्णालयात झाली, याचं मला विशेष वाटतं. लहान छेद म्हणजे लवकर कामावर परतणं, आणि ज्याचं घर रोजच्या मजुरीवर चालतं त्याला त्याची गरज सर्वांत जास्त.

मघाचा नऊ लिटरांचा हिशेब आता घेऊ. कॉलऱ्याने माणूस मरतो तो हा हिशेब उलटल्यामुळे. कॉलऱ्याचा जंतू आतड्याचं अस्तर फोडत नाही. तो एक विष सोडतो, आणि त्या विषामुळे अस्तराच्या पेशी रक्तातलं पाणी नि क्षार पोकळीत ओतत सुटतात. हे 1959 मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावर प्रयोग करून सिद्ध केलं. तीव्र कॉलऱ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी निघून जाऊ शकतं. शिरेतून सलाइन देणं हा उपाय माहीत होता, पण साथीच्या वेळी तेवढ्या बाटल्या, सुया आणि शिकलेले हात कुठून आणायचे? 1960 मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्रागच्या परिषदेत दाखवलं की आतड्याची पेशी ग्लुकोज आत घेताना सोडियमही बरोबर घेते. सोडियमच्या मागोमाग पाणी येतं. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा बंद होत नाही.

1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा उसळला. सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असं मिश्रण पिंपांतून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. छावणीत दर शंभर रोग्यांमागे तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण या उपचाराखाली साडेतीन-चारांवर आलं. रोग्याला त्याच्याच माणसांनी, वाटीने, घोटाघोटाने वाचवलं. घरी करायचं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ याहून जास्त नाही. पुस्तकातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे प्रमाण राहावं.

शेवटची तीन प्रकरणं पुण्याभोवतीच्या गावांवर बेतली आहेत. 1993 पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करत आले आहेत. त्या स्त्रियांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन 42 किलोंच्या आसपास होतं. बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे 800 ग्रॅमने हलकी. पण सगळी मापं सारखी कमी नव्हती. पाठीच्या कातडीखालची चरबी बऱ्यापैकी टिकून होती, आणि सर्वांत जास्त घटला होता तो पोटाचा घेर. म्हणजे यकृतासारखे पोटातले अवयवच लहान राहिले होते, आणि चरबी मात्र शरीराने राखली होती. पुढे अशा मुलांच्या आयुष्यात एसटी स्टँड आला, शहर आलं, बैठी नोकरी आली, की बांधा किडकिडीत असूनही पोटाच्या आत, अवयवांभोवती चरबी साचते आणि पाश्चात्त्य माणसापेक्षा दहा-दहा वर्षं आधी मधुमेह गाठतो. भारतीय पुरुषासाठी कमरेच्या घेराची मर्यादा 90 सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी 80 धरली जाते, इतरांपेक्षा कमी, ती याच कारणाने. आपल्याकडे सुटलेल्या पोटाची थट्टा होते. त्याची मुळं कधीकधी त्या माणसाच्या जन्माआधीची असतात, हे थट्टा करणाऱ्याला माहीत नसतं.

याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. आणि शेतातलं काम, पाणी भरणं, धुणं यांचा भार ज्यांच्यावर जास्त होता त्यांची बाळं लहान होती. नळ घरापर्यंत येणं आणि गरोदर बाईच्या ताटात मेथी, चाकवत, दूध पडणं हे पोटाच्या आरोग्याचे उपचार म्हणून का लिहिले आहेत, असं एखाद्या वाचकाला वाटलं तर त्याने ही तीन प्रकरणं आधी वाचावीत, आणि मग मागे येऊन श्वासपटलापासून सुरुवात करावी.